जंताचा माग: कृमिजन्य आजार समजून घेण्याची एक रीत

कृमींवरचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले की बहुधा एकच साचा समोर येतो: जंताचे नाव, त्याची लांबी, अंड्याचा आकार, लक्षणे आणि शेवटी औषध. विद्यार्थी हे सारे पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात, यात त्यांचा फारसा दोष नाही. पोटदुखी, खोकला, खाज, रक्तक्षय ही लक्षणे कितीतरी जंतांच्या यादीत आलटूनपालटून येत असतील, तर केवळ यादीच्या आधारे एक आजार दुसऱ्यापासून वेगळा कसा ओळखायचा? मला त्यापेक्षा दुसरी रीत भरवशाची वाटते. जंत शरीरात कोठून शिरला, कोणत्या वाटेने गेला, कोठे बिऱ्हाड केले, तेथे काय खातो, त्याची अंडी किंवा अळ्या कोठून बाहेर पडतात आणि प्रत्येक टप्प्यावर शरीराने त्याला काय उत्तर दिले, हे प्रश्न विचारत गेले की लक्षणे पाठ करावी लागत नाहीत, ती त्या वाटेतूनच उलगडत जातात. जीवशास्त्र, परिचर्या किंवा वैद्यक शिकणाऱ्यांसाठी आणि आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांसाठी ही रीत येथे मांडली आहे. घरच्या घरी उपचार ठरवण्यासाठी ती नाही, तो निर्णय डॉक्टरांचाच.

आधी संख्येचा हिशेब

जिवाणू किंवा हिवतापाचा परजीवी एकदा शरीरात शिरला की तेथेच त्याची संख्या वाढत जाते. बहुतेक कृमींचे तसे नसते. मोठ्या गोलकृमीची, म्हणजे ॲस्कॅरिसची, मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. पण त्या अंड्यांतून त्याच आतड्यात एकही नवा जंत तयार होत नाही, कारण अंड्यातील अळी तयार होण्यासाठी त्याला आधी साधारण दोन ते चार आठवडे मातीत काढावे लागतात. म्हणून एखाद्याच्या पोटात तीस जंत असतील, तर ते तीसही स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या अंड्यांच्या रूपाने बाहेरून आत आलेले असतात. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की पुढच्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो.

पहिला उलगडा असा की जंताचा संसर्ग आणि जंताचा आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मातीतून पसरणाऱ्या जंतांचा संसर्ग जगभरात दीडशे कोटींहून अधिक लोकांना आहे, पण त्यांतील बहुसंख्यांच्या पोटात थोडेच जंत असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. आजार संख्येबरोबर वाढतो. दुसरा उलगडा असा की ही संख्या सर्वांत सारखी वाटलेली नसते. एकाच वस्तीत बहुतेकांकडे मोजके जंत असतात, तर थोड्याच लोकांच्या पोटात एकूण जंतांचा मोठा वाटा असतो, आणि गंभीर आजार मुख्यतः याच थोड्या लोकांमध्ये दिसतो. म्हणून ‘जंत आहेत का?’ या प्रश्नावर न थांबता ‘किती आहेत?’ हा प्रश्न लगेच विचारावा.

जंत शरीरात संख्येने वाढत नाहीत या नियमाला अपवाद आहेत, आणि ते अपवादच सर्वांत धोक्याचे आहेत. स्ट्राँगिलॉइडिस हा दोन-तीन मिलिमीटर लांबीचा जंत लहान आतड्याच्या अस्तरात राहतो. त्याच्या अळ्या आतड्यातच बाहेर येतात, आणि त्यांतील काही शरीराबाहेर न जाताच प्रौढपणाच्या वाटेला लागून आतड्याच्या भिंतीतून किंवा गुदद्वाराजवळच्या त्वचेतून पुन्हा आत शिरतात. त्यामुळे बाहेरून एकही नवी अळी न येता हा संसर्ग अनेक दशके टिकतो. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियात युद्धकैदी म्हणून राहिलेल्या सैनिकांमध्ये मायदेशी परतल्यावर कित्येक दशकांनीही हा जंत सापडला होता. अशा माणसाला दुसऱ्याच आजारासाठी प्रतिकारशक्ती दाबणारे स्टेरॉइड दिले, तर अळ्यांवरचा अंकुश सुटतो, त्या हजारोंनी आतड्यातून फुप्फुसे व इतर अवयवांत पसरतात, जाताना आतड्यातील जिवाणूही बरोबर नेतात आणि रुग्ण दगावू शकतो. प्रदीर्घ काळ स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी रुग्ण आयुष्यात कोठे कोठे राहिला आहे हे विचारण्याला जे महत्त्व आहे ते यामुळे.

वाट कागदावर काढा

आता एक कोरा कागद घेऊन त्यावर मानवी शरीराची बाह्यरेषा काढावी. मग प्रवेशाची जागा, प्रवासाची वाट, मुक्काम आणि बाहेर पडण्याची जागा बाणांनी दाखवावी आणि प्रत्येक बाणावर लागणारा काळ लिहावा. माझ्या मते या रीतीतील सर्वांत उपयोगी काम हे काळ लिहिण्याचेच आहे, आणि नेमके तेच बहुतेक जण टाळतात.

ॲस्कॅरिसपासून सुरुवात करू. मातीत तयार झालेले अंडे तोंडावाटे पोटात जाते आणि लहान आतड्यात फुटते. प्रौढ जंताला राहायचे असते याच आतड्यात, तरीही अळी तेथे थांबत नाही. ती आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, यकृतातून फुप्फुसात पोहोचते, तेथे साधारण दहा ते चौदा दिवस वाढते, श्वासनलिकेतून घशापर्यंत चढते आणि गिळली जाऊन पुन्हा त्याच आतड्यात येते. माणसातील हा प्रवास १९२२ मध्ये शिमेसु कोइनो या जपानी संशोधकाने स्वतःवर प्रयोग करून दाखवला. त्याने ॲस्कॅरिसची दोन हजार अंडी गिळली, त्याला फुप्फुसाचा तीव्र आजार झाला आणि त्याच्या थुंकीत अळ्या सापडल्या.

कागदावर ही वाट काळासह मांडली की एक व्यवहाराचा निष्कर्ष निघतो. अंडे गिळल्यापासून मादी अंडी घालू लागेपर्यंत दोन ते तीन महिने जातात, तर अळ्या फुप्फुसात असतात पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. म्हणजे जंतामुळे खोकला, दम आणि छातीत घरघर सुरू असते, तेव्हा त्या संसर्गाचे एकही अंडे विष्ठेत नसते. त्या दिवसांत विष्ठातपासणी कोरी आली म्हणून जंत नाहीत असे म्हणता येत नाही; रक्तात वाढलेल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी आणि क्ष-किरण चित्रातील सरकते डाग हेच तेव्हाचे पुरावे असतात. पुढे प्रौढ जंत आतड्यात स्थिरावले की चित्र बदलते. मादी वीस ते पस्तीस सेंटीमीटर लांब असते. असे जंत मोठ्या संख्येने एकमेकांत गुंतले तर त्यांची मोळी होऊन लहान मुलांचे आतडे बंद पडते, आणि एखादा भटका जंत पित्तनलिकेत शिरला तर तीव्र वेदना व कावीळ होते. एकाच जंताचे हे दोन वेगळे आजार आहेत. पहिला प्रवासाचा, दुसरा मुक्कामाचा.

सर्वच जंत इतका फेरफटका मारत नाहीत. लहान मुलांत नेहमी आढळणारा बारीक पांढरा सुताकृमी अंड्यातून बाहेर आल्यावर आतड्यातच वाढतो. त्याची मादी रात्री गुदद्वाराबाहेर येऊन तेथील त्वचेवर अंडी घालते. म्हणून खाज रात्री सुटते, म्हणून ही अंडी विष्ठेत क्वचितच सापडतात, आणि म्हणूनच सकाळी उठल्याबरोबर, धुण्याच्या आधी, गुदद्वाराजवळ पारदर्शक चिकटपट्टी लावून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली जाते. अंडी काही तासांतच संसर्गक्षम होतात, खाजवणाऱ्या बोटांवरून तोंडात जातात आणि फेरा चालू राहतो. अंडी कोठे घातली जातात हे कळले की बाकीचे पाठ करावे लागत नाही.

वाट चुकलेल्या जंतांसाठी याच कागदावर वेगळी जागा ठेवावी. काही कृमींचा खरा पोशिंदा, म्हणजे ज्याच्या शरीरात जंत वाढतो तो प्राणी, माणूस नसतोच. कुत्र्याच्या आतड्यात वाढणाऱ्या टॉक्सोकाराची अंडी माणसाच्या पोटात गेली, तर अळ्या बाहेर येतात खऱ्या, पण त्यांना प्रौढ होता येत नाही. त्या यकृतात, फुप्फुसात, कधी डोळ्यात भरकटत राहतात आणि एकच अळी दृष्टिपटलाची हानी करू शकते. कुत्र्यांच्या व मांजरांच्या अंकुशकृमींच्या अळ्या माणसाच्या त्वचेत शिरतात, पण बहुधा खोलवर जाऊ शकत नाहीत आणि त्वचेखाली नागमोडी लाल रेघा उमटवत सरकत राहतात. पोशिंदा चुकला की जंताचे जीवनचक्र तेथे थांबते, माणसाचा आजार मात्र थांबत नाही, ही गोष्ट नवख्या अभ्यासकाच्या लक्षात उशिरा येते.

मुक्काम आणि आहार: अंकुशकृमी जवळून पाहताना

वाट काढून झाली की जंत जेथे राहतो तेथे तो नेमके काय करतो हे पाहावे. या टप्प्यासाठी अंकुशकृमीइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

सुमारे एक सेंटीमीटर लांबीचा हा जंत लहान आतड्याच्या वरच्या भागात राहतो. मातीतील अळी उघड्या पायाच्या त्वचेतून शरीरात शिरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैरोमध्ये काम करणाऱ्या आर्थर लूस या जर्मन संशोधकाच्या हातावर अळ्या असलेल्या पाण्याचा थेंब सांडला, त्या जागी खाज व लाली आली आणि काही आठवड्यांनी त्याच्या स्वतःच्या विष्ठेत अंकुशकृमीची अंडी दिसली, तेव्हा ही वाट उघड झाली. आतड्यात पोहोचलेला प्रौढ जंत अस्तराचा एक छोटा तुकडा तोंडात ओढून घेतो. सूक्ष्मदर्शकाखाली असा काप पाहिला तर आतड्याच्या अस्तराचा गोळा जंताच्या मुखपोकळीत बुचासारखा घट्ट बसलेला दिसतो. अँकिलोस्टोमा या जातीच्या तोंडात दातांसारखे आकडे असतात, तर नेकेटर या जातीत कापणाऱ्या पट्ट्या असतात. जंत घाव घालतो, गुठळी होऊ न देणारी द्रव्ये तेथे सोडतो आणि स्नायूंच्या बळकट घशाने रक्त ओढतो. काही काळाने तो जागा बदलतो, पण सोडलेली द्रव्ये जुन्या जखमेत काम करतच राहतात. म्हणून जंताने गिळलेल्या रक्ताखेरीज मागे उघड्या राहिलेल्या जखमांतूनही रक्त झिरपत राहते.

येथे हिशेब करून पाहावा. अँकिलोस्टोमाचा एक जंत दिवसाला साधारण ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त वाया घालवतो आणि नेकेटरचा एक जंत सुमारे ०.०३ मिलिलिटर. अँकिलोस्टोमाचे शंभर जंत असतील आणि प्रत्येकाचे ०.२ मिलिलिटर धरले, तर रोजचे २० मिलिलिटर रक्त जाते. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे रोज सुमारे दहा मिलिग्रॅम लोह आतड्यात सांडते. त्यातील काही भाग पुढच्या आतड्यात पुन्हा शोषला जातो, हे खरे. पण शरीर आहारातून दिवसाला एरवी एक-दोन मिलिग्रॅमच लोह मिळवते. आवक आणि जावक यांतील ही तफावत महिनोन्‌महिने चालू राहिली की आधी साठवलेले लोह संपते, मग हिमोग्लोबिन उतरू लागते. तेवढेच शंभर जंत नेकेटरचे असतील तर रोजचे तीन मिलिलिटर रक्त, म्हणजे सुमारे दीड मिलिग्रॅम लोह जाते. धडधाकट, चांगला आहार असलेल्या पुरुषाला ते कदाचित भरून काढता येईल, पण गरोदर स्त्रीला किंवा आधीच लोहाची चणचण असलेल्या मुलीला ते झेपणारे नाही. आजार ठरतो तो जंताची जात, जंतांची संख्या आणि पोशिंद्याच्या शरीरातील शिल्लक या तिन्हींच्या मेळातून, आणि त्यांतील एकही बाजू सोडून दिली तर रुग्ण समजत नाही. रक्ताबरोबर प्रथिनेही जात असल्याने भारी संसर्गात चेहरा व पाय सुजतात.

याच पद्धतीने इतर बिऱ्हाडेही तपासता येतात. चाबूककृमी आपला केसासारखा पुढचा भाग मोठ्या आतड्याच्या अस्तरात खुपसून राहतो. थोडे असताना काहीच जाणवत नाही, पण शेकडो झाले की आव पडते, मुलाची वाढ खुंटते आणि कुंथून कुंथून गुदाशय बाहेर येतो. माशांतून येणारा मोठा पट्टकृमी पोशिंद्याच्या वाट्याचे बी-१२ जीवनसत्त्व स्वतःच शोषून घेतो, म्हणून त्याच्यामुळे होणारा रक्तक्षय लोहाच्या अभावाचा नसून मोठ्या आकाराच्या तांबड्या पेशींचा असतो. पट्टकृमीला स्वतःचे तोंडही नसते आणि आतडेही नसते. त्याचे सारे पोषण त्वचेतून होते.

दोषी अवस्था कोणती?

आता या रीतीतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न येतो, कारण येथे अंदाज हमखास चुकतो. आपण सहज गृहीत धरतो की आजार प्रौढ जंतामुळे होतो. अनेक कृमींच्या बाबतीत तसे नाही.

शिस्टोसोमा हा पर्णकृमी, म्हणजे चपट्या कृमींच्या गटातील एक जंत, घ्यावा. त्याच्या अळ्या गोड्या पाण्यातील गोगलगायींतून बाहेर पडून पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून शिरतात. प्रौढ जंत नर-मादीच्या जोडीने राहतात, नराच्या अंगावरील खोबणीत मादी जणू कायमची बसलेली असते, आणि ही जोडी आतड्याभोवतीच्या किंवा मूत्राशयाभोवतीच्या शिरांमध्ये वर्षानुवर्षे संसार करते. गंमत अशी की सतत रक्तात राहूनही या जोडीला शरीर फारसा त्रास देत नाही आणि ती जोडीही शरीराला फारसा त्रास देत नाही. आजार करतात ती अंडी. शिस्टोसोमा मॅन्सोनी या जातीची एक मादी दिवसाला सुमारे तीनशे अंडी घालते. त्यांपैकी साधारण निम्मी आतड्याची भिंत ओलांडून विष्ठेत जातात आणि उरलेली शरीरातच अडकतात. रक्ताच्या प्रवाहाबरोबर ती यकृतात पोहोचून बारीक शिरांत रुततात. अंड्याच्या कवचाला सूक्ष्म छिद्रे असतात आणि आतल्या जिवंत अळीचे स्राव त्यांतून पाझरत राहतात. त्या स्रावांना उत्तर म्हणून शरीर प्रत्येक अंड्याभोवती पेशींचा वेढा घालते, हाच ग्रॅन्युलोमा. यकृताच्या कापात मधोमध अंडे (त्याच्या एका बाजूला काटा असतो), भोवती भक्षकपेशी व इओसिनोफिल आणि त्याबाहेर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे तंतूंचे थर दिसतात. अंड्यातील अळी काही आठवड्यांत मरते, तंतू मात्र राहतात. हजारो अंड्यांभोवती असे तंतू साचले की आतड्याकडून यकृतात येणाऱ्या रक्ताची वाट अरुंद होते, मागे दाब वाढतो, प्लीहा सुजते, अन्ननलिकेतील शिरा फुगतात आणि एखाद्या दिवशी त्या फुटून रुग्ण रक्त ओकतो. यकृताच्या पेशींचे काम मात्र तोवर बरेचसे शाबूत असते, म्हणून रक्ततपासणीत यकृत ठीक दिसले तरी आजार नाही असे समजू नये.

यातली एक गोष्ट मला आजही विस्मयकारक वाटते. ज्यांची प्रतिकारशक्ती मुद्दाम क्षीण केली आहे अशा उंदरांमध्ये शिस्टोसोमाची अंडी विष्ठेत कमी उतरतात. म्हणजे अंड्याभोवती जमणारा जो पेशींचा वेढा पोशिंद्याला आजारी पाडतो, त्याचाच उपयोग करून अंडे आतड्याच्या भिंतीतून बाहेर पडते. शरीराचे हत्यार जंताने वाहन म्हणून वापरले आहे.

डुकराच्या पट्टकृमीच्या बाबतीत तर दोषी अवस्था बदलली की आजारच बदलतो. अर्धवट शिजलेल्या मांसातील पुटी, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशवीतील अळी, पोटात गेली, तर आतड्यात काही मीटर लांबीचा पट्टकृमी वाढतो आणि माणसाला फारसा त्रास होत नाही. पण पट्टकृमी बाळगणाऱ्या माणसाच्या विष्ठेतील अंडी दुसऱ्याच्या किंवा त्याच्या स्वतःच्या तोंडात गेली, तर अळ्या रक्तातून स्नायू, डोळे आणि मेंदूत पोहोचून तेथे पुट्या होतात. मेंदूतील पुट्या हे अपस्माराच्या झटक्यांचे मोठे कारण आहे. ज्याने आयुष्यात मांस खाल्ले नाही त्यालाही हा आजार होऊ शकतो, हे या दोन वाटा वेगळ्या काढल्याशिवाय ध्यानात येत नाही. शिवाय जिवंत पुटी वर्षानुवर्षे गप्प बसते. झटके बहुधा ती मरू लागते तेव्हा येतात, कारण तेव्हाच तिचा प्रतिकारशक्तीवरील पडदा उठतो आणि भोवती सूज येते.

हत्तीरोगात प्रौढ जंत लसीकावाहिन्यांत, म्हणजे ऊतींतील जादा द्रव परत नेणाऱ्या नळ्यांत, राहतात आणि त्यांच्या सूक्ष्म अळ्या रात्रीच्या वेळी रक्तात मोठ्या संख्येने येतात. डास या अळ्या रक्ताबरोबर घेतो आणि त्या त्याच्या शरीरात वाढतात, हे पॅट्रिक मॅन्सन या ब्रिटिश डॉक्टरांनी १८७७ मध्ये चीनमधील आमोय येथे दाखवले. प्रौढ जंतांमुळे वाहिन्या सैल पडतात आणि त्यांचे काम बिघडते, पण पाय हत्तीसारखा होण्यामागे त्यानंतर त्वचेतून वारंवार शिरणाऱ्या जिवाणूंचा मोठा हात असतो. म्हणूनच जंत मेल्यानंतरही पाय रोज साबणाने धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणे आणि बारीक जखमांची वेळीच काळजी घेणे याने रुग्णाला खरा आराम मिळतो. काळ्या माशीमार्फत पसरणाऱ्या ऑन्कोसर्का या जंतामुळे येणाऱ्या अंधत्वात दोष मरणाऱ्या सूक्ष्म अळ्यांचा असतो. या अळ्यांच्या आत वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात, अळी डोळ्याच्या पारपटलात (कॉर्नियात) मेली की ते उघडे पडतात आणि त्यांच्याविरुद्ध उसळलेला दाह पारपटल गढूळ करतो.

शरीराचे उत्तर आणि जंताची तडजोड

जिवाणूला पेशी गिळून टाकते. सेंटीमीटरभर किंवा हातभर लांबीच्या जंताला कोणतीही पेशी गिळू शकत नाही. म्हणून कृमींविरुद्ध शरीराचा डाव वेगळा असतो. आतड्याच्या अस्तरातील टफ्ट नावाच्या विरळ पेशींना जंताची चाहूल लागते आणि त्या इंटरल्यूकिन-२५ हा संदेश सोडतात, हे २०१६ मध्ये स्पष्ट झाले. त्यानंतर इंटरल्यूकिन-४, ५ आणि १३ यांच्या आज्ञेने श्लेष्मा वाढतो, अस्तराच्या पेशी झपाट्याने बदलतात, आतड्याच्या हालचाली जोर धरतात, आयजीई प्रतिपिंडे तयार होतात आणि इओसिनोफिल गोळा होतात. हा मारून टाकण्यापेक्षा ढकलून, धुऊन बाहेर काढण्याचा प्रयत्न आहे. रक्ततपासणीत इओसिनोफिल वाढलेले दिसले की ते बहुधा ऊतींतून प्रवास करणाऱ्या अळ्यांकडे बोट दाखवतात. आतड्याच्या पोकळीत स्वस्थ पडलेल्या जंतामुळे ते फारसे वाढत नाहीत.

जंतही स्वस्थ बसत नाही. शिस्टोसोमा पोशिंद्याच्या रक्तगटाची रेणवीय ओळख अंगावर चढवतो. उंदरातील एक गोलकृमी टीजीएफ-बीटा या शामक संदेशाची नक्कल करणारे प्रथिन सोडतो. अनेक कृमी नियामक टी-पेशी आणि इंटरल्यूकिन-१० वाढवून शरीराचा आवेश थंड करतात. याचा पोशिंद्यालाही काही अंशी लाभ होतो, कारण अनावर दाह त्यालाच महागात पडला असता. पण याच शिथिलतेमुळे काही लसींना मिळणारा प्रतिसाद मंदावू शकतो. हत्तीरोगाच्या भागात रक्तात अळ्यांचा सुकाळ असूनही पाय निरोगी असलेली माणसे भेटतात आणि पाय सुजलेल्या कित्येकांच्या रक्तात एकही अळी सापडत नाही, त्याचे एक कारण या तडजोडीत आहे. म्हणून रुग्णाकडे पाहताना ‘येथे जंत नुकसान करतो आहे की शरीराचे उत्तर?’ हा प्रश्न लिहून ठेवावा. अंकुशकृमीत नुकसान मुख्यतः जंत करतो, शिस्टोसोमात मुख्यतः शरीराचे उत्तर.

अंडी मोजताना

संख्या महत्त्वाची म्हटले की ती मोजायची कशी, हे आलेच. क्षेत्रकामात काटो-कात्झ पद्धत वापरली जाते. विष्ठा जाळीतून गाळून ४१.७ मिलिग्रॅम मावेल एवढ्या छिद्राच्या साच्यातून काचपट्टीवर घेतात, ग्लिसरीनमध्ये भिजवलेल्या सेलोफेनने दाबतात आणि दिसलेली सर्व अंडी मोजून त्या आकड्याला २४ ने गुणतात. मग दर ग्रॅम विष्ठेतील अंडी कळतात. ग्लिसरीनमुळे विष्ठा पारदर्शक होते, पण अंकुशकृमीची पातळ कवचाची अंडीही त्यात तासाभरात दिसेनाशी होतात. म्हणून काचपट्टी अर्ध्या तासाच्या सुमारास पाहावी. दुपारची पट्टी संध्याकाळी पाहिली तर अंकुशकृमी नाहीत असा खोटा निष्कर्ष निघतो.

समजा, पट्टीवर १२५ अंडी मोजली, म्हणजे दर ग्रॅमला ३,००० झाली. हा आकडा ॲस्कॅरिसचा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत संसर्ग सौम्य ठरतो, कारण तेथे मध्यम पातळी ५,००० पासून आणि तीव्र पातळी ५०,००० पासून सुरू होते. तोच आकडा अंकुशकृमीचा असेल तर संसर्ग मध्यम ठरतो, कारण तेथे २,००० पासून मध्यम आणि ४,००० पासून तीव्र पातळी धरतात. ॲस्कॅरिसची एक मादी रोज दोन लाख अंडी घालते आणि अंकुशकृमीची मादी हजारांतच, एवढे ध्यानात ठेवले की वर्गवारी पाठ करण्याची गरज उरत नाही.

औषध देताना आणि दिल्यावर

दोषी अवस्था कोणती हे ठरले असेल तर औषधाविषयीचे बरेच प्रश्न सोपे होतात. आतड्यातील गोलकृमी मारला की तो विष्ठेतून निघून जातो, प्रश्न मिटतो. मेंदूतील पुटी मारली की ती जागेवरच मरते आणि सूज आणते. म्हणून तेथे कृमिनाशकाबरोबर स्टेरॉइड देतात, आणि काही रुग्णांत कृमिनाशक टाळणेच शहाणपणाचे ठरते. मध्य आफ्रिकेतील लोआ लोआ या जंताच्या अळ्या रक्तात दर मिलिलिटरला ३०,००० हून अधिक असतील, तर आयव्हरमेक्टिन या कृमिनाशकाने त्या एकदम मरून मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. यकृतातील हायडॅटिड पुटी, म्हणजे कुत्र्याच्या पट्टकृमीच्या अळीची पुटी, फुटली तर तीव्र ॲलर्जीचा झटका येतो आणि सांडलेल्या द्रवातून नव्या पुट्या रुजतात, म्हणून तिला बेसावधपणे सुई लावत नाहीत.

औषधानंतरची तपासणीही त्याच कागदावरून ठरवावी. आतड्यातील जंतांसाठी औषध दिल्यापासून साधारण दोन ते तीन आठवड्यांनी अंडी पुन्हा मोजतात. ॲस्कॅरिसची अंडी तेव्हाही भरपूर दिसली, तर ती जुन्या, न मेलेल्या जंतांची असतात, कारण नव्याने शिरलेल्या जंताला अंडी घालायला अजून दोन महिने तरी लागणार असतात. तेथे औषधाची मात्रा, ते खरोखर घेतले गेले का आणि त्याचा दर्जा तपासावा. पण तीन आठवड्यांनी पट्टी कोरी आली आणि सहा महिन्यांनी पुन्हा अंडी दिसू लागली, तर औषधाने आपले काम केले होते आणि जंत मातीतून नव्याने आले आहेत. अशा वेळी औषध बदलण्यात वेळ न दवडता त्या मुलाच्या घरापासून शौचाच्या जागेपर्यंतची वाट पाहून यावी.